अनुसयाबाई कॉलेजचं घर बघतात

सिंदीच्या रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत एखाद्या मुलीची सोयरीक ठरवायची झाली, की आधी अनुसयाबाईंना विचारावं लागे. मुलगा कसा आहे ते बाकीच्यांनी बघावं, घर कसं आहे ते अनुसयाबाई बघत. त्यासाठी त्या पुढच्या दारानं कधी जात नसत. आधी वस्तीच्या विहिरीवर जात, मग धोब्याकडे, मग त्या घराच्या मागच्या अंगणात. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून बघत, थोरल्या सुनेचे हात बघत, आणि चहा यायच्या आतच त्यांचं मत ठरलेलं असे. त्यांनी 'नाई' म्हटलेल्या घरात मुली देऊन दोन बापांनी हात पोळून घेतले होते. तेव्हापासून त्यांच्या शब्दापलीकडे कोणी जात नसे.

ही विद्या त्या शिकल्या कुठे, असं कोणी विचारलं तर त्या नुसत्या हसत. त्यांचं स्वतःचं घर कोणीच पाहिलं नव्हतं. नवव्या वर्षी लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला, आणि मधली दहा वर्षं कशी गेली हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. धाकटा भाऊ बाबाराव रेल्वेत गँगमन होता. त्याच्या दोन खोल्यांत त्या राहायला आल्या, हंगामात जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाऊ लागल्या. पुढे बाबारावची बायको बाळंतपणात गेली, आणि तिची तान्ही मुलगी जयवंता अनुसयाबाईंच्या मांडीवर आली ती तिथंच वाढली. आपल्या आईला वाचवायला त्या दिवशी डॉक्टर का मिळाला नाही, हा प्रश्न त्या पोरीनं पाचव्या वर्षी विचारला आणि मग सोडलाच नाही.

जयवंता रोज पॅसेंजरनं नागपूरला जाऊन येऊन शिकली आणि १९५७ च्या जूनमध्ये इंटर सायन्स पहिल्या वर्गात पास झाली. मग मेडिकलचा अर्ज आला. त्या अर्जात जातीचा एक रकाना होता. तिथं जुनी जात लिहिली असती तर सवलतीची जागा जवळजवळ खिशात होती. पण आदल्या दसऱ्याला नागपूरच्या मैदानावर या तिघांनी धम्मदीक्षा घेतली होती, आणि बौद्धांना ती सवलत तेव्हा नव्हती. शाळेचे जुने हेडमास्तर अण्णाजी, अगदी भला माणूस, मुद्दाम घरी आले. "बाबाराव, एका शब्दाचा सवाल हाय," ते म्हणाले. "लिहून टाका. पोरगी डॉक्टर होऊन जाईन, मंग कोण विचारते?"

जयवंतानं दौत जवळ ओढली आणि रकान्यात 'बौद्ध' लिहिलं. बाबारावच्या छातीत धस्स झालं, आणि लगेच तीच छाती फुगलीसुद्धा. पण छाती फुगून जागा मिळत नसते. नागपूरची यादी लागली तेव्हा जयवंताचं नाव तिच्यात नव्हतं. खाली वेटिंग लिस्ट होती, तिच्यात होतं. अकरावं.

त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. दूरच्या एका शहरातल्या मेडिकल कॉलेजातही तिनं अर्ज टाकला होता. त्याचं नाव सांगण्यात आता अर्थ नाही. तिथं जागा पक्की झाली होती. दहा जुलैच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला, असं पत्रात होतं. बाबारावनं पत्र कपाळाला लावलं. अनुसयाबाई मात्र ट्रंकेतून धुतलेलं लुगडं काढू लागल्या.

"कुठी निंगाली बाई?" बाबारावनं विचारलं.

"घर पाह्याले."

"अवं, ते कालेज हाय. सोयरीक नोहे."

"तुले काय फरक दिसते त्याच्यात? पाच-सहा वर्सं पोरगी तेथं राहीन. तेथंच जेवन, तेथंच दुखलं-खुपलं. आन आपण मांगं एथी. नाई पाह्यलं तं काय समजन?"

बाबाराव उठला आणि रेल्वेच्या ऑफिसात गेला. त्याच्या पासावर विधवा बहिणीला प्रवास करता येत असे, त्यानं पास काढून आणला. जयवंताला बरोबर न्यायचा प्रश्नच नव्हता, कारण घर बघायला मुलीला नेत नाहीत. गाठोड्यात भाकरी आणि ठेचा बांधून अनुसयाबाई एकट्या निघाल्या.

त्या दूरच्या शहरात मुलींच्या वसतिगृहावर देखरेख करणाऱ्या बाई दारापर्यंत सामोऱ्या आल्या. बसायला खुर्ची दिली. अनुसयाबाईंना आयुष्यात कोणी खुर्ची दिली नव्हती, त्या टोकावर टेकल्या. "आमच्याकडे भेदभाव मुळीच नाही बरं का," त्या बाई कोणी न विचारताच म्हणाल्या. "तुमच्या मुलीची तर आम्ही खास सोय केली आहे. शेवटची खोली, तिला एकटीला. जेवणाचा डबा खोलीवरच येईल, मेसच्या गर्दीत यायला नको. पाण्याचा माठसुद्धा नवा आणला आहे." बोलणं इतकं गोड, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

चहा आला. बाईंचा पितळी कपात, अनुसयाबाईंचा चिनी मातीच्या पेल्यात. पिऊन झाल्यावर पेला उचलायला कोणी आलं नाही. "राहू द्या, तिकडे नळाजवळ ठेवा," बाई मायेनं म्हणाल्या. नळाजवळच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात तसेच दोन पेले पालथे घातलेले होते. अनुसयाबाईंनी आपला पेला धुऊन शेजारी पालथा घातला, नमस्कार केला आणि स्टेशनची वाट धरली. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे सुनेचं कौतुक करणारी आणि रात्री तिलाच परसात जेवायला बसवणारी घरं त्यांनी ढीगभर पाहिली होती. घर बघायच्या दिवशी जिथं साखर जास्त पडते, तिथं त्या चहाच्या तळाशी बघत.

दोन दिवसांनी त्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजला गेल्या. सवयीप्रमाणे आधी धोबी गाठला. "पोरींचे कपडे येगयेगळे धूता काय, जातीपरमानं?" त्यांनी सरळ विचारलं. धोब्यानं त्यांच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "कपड्यावर नंबर राह्यते मावशी," तो म्हणाला. "नंबर शोधता शोधता डोकं फिरते माह्यं, जात कुठी पाहू?"

मग त्या मुलींच्या मेसच्या मागच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत चुलीपुढे रुख्मिणीबाई नावाची आर्वीकडची स्वयंपाकीण होती. आवाज असा, की तीन खोल्या पलीकडे ऐकू जावा. तिची भाजी चिरणारी बाई त्या दिवशी आली नव्हती, आणि दारातली लुगडंवाली पाहून तिला वाटलं की बदली आली.

"आता येऊन राह्यली? उन्हं डोक्यावर आल्यावर?" ती खेकसली. "बस. ते कांदे घे."

अनुसयाबाई बसल्या नाहीत. फसवून चूल बाटवली असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून त्या ताठ उभ्या राहिल्या. "मी कामाले नाई आली. घर पाह्याले आली. आन मी सिंदीची बौद्ध हावो, मागच्या दसऱ्याची. पह्यले महार. आता सांग, कांद्याले हात लावू का?"

चुलीवरची डाळ उतू जात होती. रुख्मिणीबाईंनी पदरानं घाम पुसला. "साठ पोरी बारा वाजता ताटं घेऊन बसतीन. तुही जात आयकत बसू का कांदे चिरून घेऊ? लाव हात, आन बारीक चिर."

अनुसयाबाई बसल्या आणि त्यांनी कांदे चिरले. "जाड चिरून राह्यली तू," पुन्हा तोफ धडाडली, "हे काय ढोराले घालाचं हाय?" आजवर अशी शिवी कोणाला गोड लागली नसेल. मग त्यांनी पाण्याचे गुंड-हंडे भरले, कणीक मळली. बाराच्या ठोक्याला मुली आल्या. एकाच ढिगातली ताटं उचलून, एकाच ओळीत बसल्या. दोघींचं पापडावरून भांडण झालं, रुख्मिणीबाईंनी दोघींनाही सारखंच झापलं. एक चष्मेवाली मुलगी आत आली, अनुसयाबाईंनी भरलेल्या गुंडातून तांब्या बुडवून घटाघटा पाणी प्यायली आणि डाळ खारट झाल्याची तक्रार करून निघून गेली. शेवटच्या पंगतीला अनुसयाबाई स्वतः बसल्या, आणि जेवून उठल्यावर स्वतःचं ताट घासून त्याच ढिगावर ठेवलं.

घरी येताच जयवंतानं विचारलं, "कसं हाय, आत्याबाई?"

"तिकडं मान हाय, इकडं जेवण हाय," त्या म्हणाल्या, आणि दोन्हीकडचं सगळं सविस्तर सांगितलं.

"पण इकडं जागा नाई," बाबाराव म्हणाला.

"नाई," अनुसयाबाईंनी कबूल केलं.

जयवंतानं पक्क्या जागेचं पत्र घडी करून ट्रंकेत टाकलं. मग म्हणाली, "मले कोनाड्यात पालथं ठिवतीन ते लोक. मी इकडंच थांबते." आणि हे ऐकल्यावर अनुसयाबाईंना पहिल्यांदा भीती वाटली. लग्नाचं घर चुकलं तर मुलीला माहेर असतं. हे चुकलं तर पोरगी डॉक्टर व्हायची राहून जाणार होती, आणि त्याचं खापर दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर फुटणार नव्हतं.

वेटिंग लिस्टचा नियम सोपा आणि निर्दय होता. पंधरा जुलैपर्यंत, जागा रिकामी होईल तसा ऑफिसातला बाबू व्हरांड्यात येऊन नाव पुकारणार. हजर असेल त्याला जागा, नसेल तर पुढचं नाव. आत्या-भाची रोज सकाळच्या पॅसेंजरनं जात आणि व्हरांड्यात चवाळं पसरून बसत. संध्याकाळी सिंदीला उतरल्या की बाबाराव फलाटावर उभा असे. तो काही विचारत नसे. दोघी उतरल्या की त्याला उत्तर मिळालेलं असे.

दहा तारीख आली आणि गेली. पक्की जागा हातची गेली. अण्णाजी वाटेत भेटले, त्यांनी नुसती मान हलवली. बाबाराव त्या दिवशी जेवला नाही. बारा तारखेपर्यंत यादी आठ नंबरवर पोचली, मग दोन दिवस अडून बसली. सोमवारी, पंधरा तारखेला, सकाळी अकराला बाबूनं नऊ नंबरच्या मुलाला आत घेतलं आणि म्हणाला, "झालं. आता काही व्हायचं नाही." व्हरांडा भराभर रिकामा झाला. दहाव्या नंबरचा मुलगा पेटी उचलून दुपारच्या गाडीला निघून गेला.

जयवंताही उठली. "चाल, आत्याबाई."

"बस," अनुसयाबाई म्हणाल्या. "पाच वाजेलोक दार उघडं हाय का नाई? उघड्या दारातून मी उठत नाई."

पोरगी बसली, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. अनुसयाबाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं, कारण बघितलं असतं तर त्यांचाही धीर सुटला असता. साडेचार वाजता एक विद्यार्थी बापाला घेऊन आला, ऑफिसात गेला आणि आपली कागदपत्रं परत घेऊन बाहेर पडला. त्याला इंजिनिअरिंगला जायचं होतं. पाठोपाठ बाबू व्हरांड्यात आला. समोर दोनच बायका होत्या, तरी नियम म्हणजे नियम. त्यानं दहावं नाव तीनदा पुकारलं. मग चष्मा सावरून अकरावं पुकारलं.

"हजर," जयवंता म्हणाली, आणि तिचा आवाज रुख्मिणीबाईंच्या चुलीपर्यंत गेला असावा.

संध्याकाळची पॅसेंजर सिंदीला लागली. बाबाराव नेहमीच्या जागी उभा होता. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून अनुसयाबाई उतरल्या, चवाळं काखोटीला मारून. त्यांच्यामागून कोणी उतरलं नाही. बाबारावनं डब्यात वाकून पाहिलं, पुढचा डबा पाहिला. गाडी हलली, निघून गेली, फलाट रिकामा झाला.

"बाई, पोरगी कुठी हाय?" तो धावत बहिणीजवळ आला.

अनुसयाबाईंनी चवाळं खाली ठेवलं. पाच दिवस दाबून धरलेलं रडू आणि हसू एकदमच वर आलं, आणि त्या भर फलाटावर भावाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "नांदाले ठिवून आली तिले. घर चांगलं हाय."