बाबांच्या गाण्याचा मालक

माझे बाबा वडशाच्या पलीकडच्या एका खेड्यात धान पिकवतात आणि दंडारीत गातात. दंडार म्हणजे आमच्या झाडीपट्टीतलं नाचगाणं. धान घरात आलं की गावातलेच लोक ते उभं करतात आणि गावातलेच लोक पाहतात. बाबांचं एक गाणं आजूबाजूच्या गावांत नावाजलेलं. नदीला पूर आलाय आणि माहेरी निघालेली बाई काठावर बसून नदीची मनधरणी करतेय, एवढंच त्यात आहे. बाबांना ते त्यांच्या गुरूंनी शिकवलं, गुरूंना आणखी कुणीतरी. कागदावर ते कुणीच उतरवलं नाही, कारण शिकवणाऱ्यांना लिहिताच येत नव्हतं.

मी चंद्रपूरजवळ ऊर्जानगरात राहते आणि शाळेत कॉम्प्युटर शिकवते. दिवाळीला गावी गेले तेव्हा बाबांना अंगणात बसवून ते गाणं मोबाइलवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकलं. बाबा एवढे खूश झालेले मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात गेलेल्या गावकऱ्यांचे फोन आले, पुण्याला गेलेल्यांचे आले. चहाच्या टपरीवर बाबा येईल त्याला विचारायचे, "पाह्यला का?" नाही म्हणणाऱ्याची सुटका नव्हती. त्याला तिथंच बसवून पूर्ण गाणं दाखवायचे.

मग एक दिवस गाण्याच्या जागी काळा पडदा आणि त्यावर इंग्रजीत सूचना. एका कंपनीच्या मालकीचं गाणं विनापरवाना वापरल्यामुळे हे बंद करण्यात आलं आहे. शोधलं तेव्हा कळलं की एका कंपनीनं हेच गाणं कुणा गायकाकडून वाद्यांच्या साथीवर म्हणवून घेऊन विकायला ठेवलंय. यंत्रानं चालीशी चाल जुळवली आणि बाबांना चोर ठरवून मोकळं झालं. दोन्ही गाणी कुणा माणसानं ऐकली असतील असं मला वाटत नाही.

गावाला थट्टेला विषय मिळाला. "काऊन भाऊ, चोरीचा माल इकून राह्यले का?" टपरीवर एकानं विचारलं. एरवी बाबांनी त्याला असा टोला दिला असता की तो चहा तसाच टाकून पळाला असता. त्या दिवशी ते नुसते उठले. नंतर टपरीकडे फिरकलेच नाहीत. रात्री फोनवर मला म्हणाले, "बाई, मी कोनाचा गाना चोरलो?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी, ती अशी.

सुट्टी काढून मी गावी गेले. त्यांना कंपनीचं गाणं ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "चांगला म्हनते गा पोरगा. एक कडवं सोडलं त्यानं." राग नाही, काही नाही. मला त्यांच्या भलेपणाचाच राग आला.

बंद केल्याविरुद्ध हरकत घ्यायची सोय असते. स्क्रीनवर कारणं दिलेली असतात, त्यातलं एक निवडायचं. पहिलंच होतं, हे माझं स्वतःचं आहे. मी त्यावर बोट ठेवणार तेवढ्यात बाबांनी माझा हात धरला.

"थांब. माहा कुठी हाय तो? माहा म्हनलो तं मंग खरंच चोर झालो ना मी."

"मंग मालकाची परवानगी हाय असं लिहू?"

"मालक कोन?"

शेवटचं कारण होतं, यावर कुणाचीच मालकी नाही, हे सार्वजनिक आहे. ते मी समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, "सगळ्याइचा हाय हे बराबर. सगळ्याइचा म्हंजे त्या कंपनीचाबी हाय. पन तिचाच कसा?"

हे वाक्य मी जमेल तशा इंग्रजीत लिहून पाठवलं. हरकतीचा निकाल कोण देणार? तीच कंपनी. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात, तसं. हरकत फेटाळली, कारण दिलं नाही.

पुढं अपील करता येत होतं. त्यात हरलो तर माझं खातंच बंद होऊन त्यावर मी टाकलेली बाबांची बाकीची गाणीसुद्धा जाण्याची भीती होती. म्हणजे अपील करायचं तर हे गाणं कंपनीच्या आधीचं आहे याचा भक्कम पुरावा हवा. न लिहिलेल्या गाण्याचा पुरावा कुठून आणायचा? तेव्हा बाबांना आठवलं की फार पूर्वी शहरातून एक संशोधक गावात आले होते, गुरूंच्या ओसरीवर राहिले होते आणि टेप लावून गाणी घेऊन गेले होते. त्यांचा लेख मला इंटरनेटवर सापडला. त्यालाही कुलूप होतं. पैसे भरा, मग वाचा. ज्या गावानं त्या माणसाला जेवू घातलं आणि गाणी दिली, त्या गावालाही पैसे भरूनच वाचायचं होतं.

पैसे भरले. लेख इंग्रजीत होता. आमच्या गाण्याबद्दल दोन ओळी होत्या, त्याही अर्थ सांगणाऱ्या. मूळ शब्द नव्हते. गाणाऱ्याविषयी लिहिलं होतं, एक वृद्ध स्थानिक गायक. गुरूंचं नावसुद्धा नव्हतं. बाबांनी विचारलं, "नाव असंल ना त्याइचं?" मी हो म्हटलं. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

एवढ्यावर अपील टिकणार नव्हतं, आणि बंद पडलेलं गाणं तसंच ठेवलं तर खात्यावर चोरीचा ठपका राहणार होता. बाबांनीच सांगितलं, काढून टाक, बाकीचे गाने तरी राह्यतीन. मी ते गाणं काढून टाकलं. काढताना मला रडू आलं, ते रागानं की लाजेनं, अजून ठरवता येत नाही.

परवा माझ्या भावाच्या मुलीचं बारसं झालं. अंगण बायकांनी भरलेलं. पाळणे म्हणून झाल्यावर सगळ्या बाबांच्या मागं लागल्या, भाऊ, तो नदीचा गाना म्हना. बाबांनी ढोलकी ओढली आणि ठेका धरला. तो ठेका ऐकून मला केवढं बरं वाटलं. चार बायकांनी मोबाइल वर केले. बाबांचा हात थांबला. त्यांनी त्या मोबाइलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, म्हनू का?"

बायका हसल्या. त्यांना वाटलं भाऊ गंमत करताहेत.

"म्हना ना बाबा. आपल्या अंगनात तुमाले कोन अडवते?"

"तसं नाई," ते हळूच म्हणाले. "पयले त्याइले मोबाइल खाली ठेवाले सांग."