परातीतला पंखा

आमचा मुलगा पाच महिन्यांचा असताना रात्रभर गाढ झोपायचा. मी हे भेटेल त्याला कौतुकानं सांगत सुटले होते, आणि तेच नडलं असं सासूबाईंचं म्हणणं. सासूबाईंना मी माहेरच्या वळणानं आत्ती म्हणते. पहिलं बाळंतपण म्हणून मी इचलकरंजीला होते. वडिलांचे यंत्रमाग आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत. तिथून बाळाला घेऊन शिवाजी पेठेत सासरी आले आणि पहिल्याच रात्रीपासून पोरगं पुन्हा उठायला लागलं. उठायचं म्हणजे नुसतं उठायचं नाही, घर डोक्यावर घ्यायचं.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बाळ ठणठणीत आहे. मी मात्र ठणठणीत नव्हते. नवऱ्याचं घोरणं ऐकलं की त्याच्या अंगावर उशी फेकावीशी वाटायची. एकदा फेकलीसुद्धा. तो कूस बदलून पुन्हा घोरायला लागला. त्यात माझी रजा संपत आलेली, शाहूपुरीतल्या ऑफिसात हजर व्हायचं होतं. आत्तींनी निकाल देऊन टाकला.

"त्यो असाच जागत ऱ्हायला तर तू काम कसं करणार? तुझ्या आईकडं ठिवूया. तितं झोपत हुता की!"

त्या वाईट बुद्धीनं बोलत नव्हत्या. पण लेकराला फक्त सुट्टीला भेटायचं, हा विचारच मला सोसवेना. मी म्हटलं, रजा संपेपर्यंत थांबा, मी त्याला झोपवून दाखवते.

मग घरात शांततेची मोहीम सुरू झाली. आता, आमच्या पेठेत हळू बोलता येणारा माणूस शोधून सापडायचा नाही. इथं शेजारणीकडं विरजण मागितलं तरी सगळ्या गल्लीला कळतं. तरी मंडळींनी जिवापाड प्रयत्न केले. नवरा मोटारसायकल कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायचा. कुकर बंद झाला, भात पातेल्यात शिजायला लागला. जुना टेबलफॅन फार खडखडायचा म्हणून तो माळ्यावर टाकला आणि बिनआवाजाचा नवा आणला. आत्ती तर भाजीवाल्याला दारातूनच दम द्यायच्या, "वराडू नकासा पावणं, पोरगं निजलंय!" हे त्यांचं हळू बोलणं. दुपारी त्या मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढायच्या आणि रात्री पोरगं पुन्हा टक्क जागं.

रजेचा शेवटचा दिवस उजाडला. आई त्याला न्यायला आली. मी त्याची झबली, टोपडी, दुपटी पिशवीत भरली आणि मोरीत जाऊन रडले. राग, दमणूक, हार, सगळं एकदमच आलं.

नेमका त्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता, आणि आमच्या पेठेनं तो जिंकला. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी हलगी कडाडली. घुमकं, फटाके, शिट्ट्या, गुलाल! आमच्या घरात मात्र आग लागल्यासारखी पळापळ. नवरा खिडक्या लावतोय, आत्ती दारात उभ्या राहून मिरवणुकीला गप्प करायला बघतायत, मी धडपडत आत धावले. दुपारभर किरकिरणारं पोरगं आईच्या मांडीवर होतं. हलगी दाराशी आली तशी त्याची मूठ सैल पडली, डोळे मिटले. फटाक्यांची माळ लागली तरी हललं नाही.

मी त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता. चक्क झोपलं होतं!

मिरवणूक पुढं गेली. गल्ली शांत झाली. आणि पोरगं रडत उठलं.

आई माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "अगं, सुट्टीच्या रात्री माग बंद असलं की तिकडं बी असाच रडायचा. आमी म्हणायचो, पोटात वारा धरलाय."

मला हसू आवरेना. एवढे दिवस आम्ही जीव मुठीत धरून घर गप्प केलं, आणि ह्या बहाद्दराला नेमकी शांतताच खुपत होती! मी ओरडलेच, "माळ्यावरचा फॅन काढा!" नवरा स्टूल घेऊन पळाला. फॅन लागला, खडखडला, पण आत्तींचं समाधान होईना. "खालनं परात घाला की! आजून वाजंल." पितळी परातीत फॅन ठेवला. सगळं घर मागासारखं धडधडायला लागलं. पोरगं दोनदा मुसमुसलं, अंगठा तोंडात घातला आणि झोपलं. रात्र उलटली, खिडकीत उजाडलं, तरी झोपलेलंच. मी मात्र आनंदानं टक्क जागी.

सकाळी आत्ती आपल्या मूळच्या आवाजात गरजल्या, "पोरगं कुटं जात न्हाय! हितंच ऱ्हाणार!" मी त्यांना मिठी मारली. अशी रीत आमच्याकडं नाही, पण मारली.

आईनं पिशवीतली झबली एकेक करून बाहेर काढली. घडी मोडू नये म्हणून फार जपून काढत होती. तिनं घरी मागांच्या भिंतीलगत पाळणा बांधून ठेवला होता, हे मला तेव्हा तिच्या बोलण्यातून कळलं. माझं हसू जरा ओसरलं. रिकामी पिशवी काखेत मारून ती निघाली आणि उंबऱ्यावर थांबली.

"घिऊन येशील तवा सुट्टीच्या वारी येऊ नगं," ती म्हणाली. "माग बंद असत्यात. त्याला झोप यायची न्हाय."