पेढे आणि घोसाळं

मी पेढे वाटले होते. चाळिशीत गर्भपिशवी काढायची ठरली, तेव्हा डॉक्टरीणबाई सांगत होत्या, अंडाशय चांगले आहेत, राहू द्या. मीच अडून बसले, म्हटलं, पोरं झाली, आता त्यांचं काय काम? एकदाच सगळं काढा. आणि कटकट मिटली म्हणून आमच्या भातकुली गावात घरोघरी पेढे! अशी मी हुशार...

त्या पेढ्यांवरून मला आयुष्यभर चिडवणारी कमल दीड महिन्यापूर्वी गेली. माझी शाळेतली मैत्रीण, अकोल्यात जीवशास्त्राची शिक्षिका. ऑपरेशननंतर पाचच वर्षांनी पालकाची टोपली उचलताना माझं मनगट मोडलं, तेव्हा ती अकोल्याच्या जठारपेठेतून पहिल्या एसटीने आली. आली ती सरळ परसात. वेलावरचं वाळकं घोसाळं तोडून माझ्यापुढे सोललं. आतली जाळी दाखवत म्हणाली, हाड आतून असंच असतं, आणि ते जिवंत असतं. काही पेशी जुनं हाड पोखरतात, काही नवं भरतात. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हा त्यांच्यावरचा मुकादम. पोखरणाऱ्या फार जमू देत नाही, जमल्या त्यांना वेळेत मरायला लावतो, भरणाऱ्यांना मात्र जास्त जगवतो. मी दुखणं विसरून बघतच राहिले. माझ्या अंगात एवढा कारभार, आणि मला पत्ताच नाही! मग मुकादम कुठे गेला ते उमगलं, आणि डोळ्यांत पाणी आलं.

"सुमे, मुकादमाले तूच हाकललं. आता रडून राह्यली काहून? ऊठ, डॉक्टरकडं चाल."

गोळ्या, दूध, रोजचं चालणं... तिने फोनवरून माझी हजेरी घेतली, वर्षानुवर्षं. म्हणून सत्तरीत अजून ताठ आहे.

यंदा माझी सून वैशाली त्याच वळणावर आली. गर्भपिशवीत गाठी, वय एकोणचाळीस, आणि वाक्यही माझंच, "आई, एकदाच सगळं काढून टाकतो." माझं कोण ऐकणार? मी तिला कमलकडे नेलं. कमल अंथरुणाला खिळलेली, आवाज खोल गेलेला. तरी उशाशी ठेवलेलं वाळकं घोसाळं मागितलं, आणि मुकादमावर आली तसा आवाज चढतच गेला. डोळे असे चमकत होते की आजारी कोण, कळेना. निघताना कमलने ते घोसाळं वैशालीच्या हातातल्या पिशवीत टाकलं. आठ दिवसांनी कमल गेल्याचा फोन आला.

ऑपरेशन त्यानंतर झालं. आत काय ठरलं, मला विचारायचा धीर झाला नाही. दवाखान्यातून घरी आली, तर वैशालीच्या हातात पुडा. ती आधी भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या कमलच्या घोसाळ्यापाशी गेली, एक पेढा तिथे ठेवला, मग माझ्याकडे वळली.

"घ्या आई. मुकादम कामावरच हाय."