एका नोंदणीवर दोन सिस्टर

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं डोक्यातून पुसली गेली. कलमं लक्षात राहिली, माणसं गेली. या प्रकरणाचं मात्र उलटं झालं आहे. त्यातल्या दोन्ही बायका आजही माझ्यासमोर बसल्यासारख्या दिसतात. कुणाचं नाव लिहिणार नाही, रुग्णालयाचंही नाही.

तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शनिवार-रविवारी आमचं निम्मं मनुष्यबळ पर्यटकांच्या बंदोबस्तात अडकायचं. सोमवारी सकाळी मग हरवलेले मोबाइल, घासलेल्या गाड्या आणि हॉटेलातली भांडणं घेऊन लोक रांग लावायचे. अशाच एका सोमवारी ती बाई आली. तिशी ओलांडलेली, साधी साडी, हातात प्लास्टिकची फाइल. ठाणे अंमलदाराने सवयीने विचारलं, "काय हरवलंय?"

"हरवलं काही नाही, साहेब. माझ्या नावावर दुसरं कुणीतरी नोकरी करतंय."

मी तिला माझ्या खोलीत बोलावलं. वडील रेल्वेत गँगमन, ती घरातली पहिली शिकलेली मुलगी. नर्सिंगचा कोर्स करून राज्याच्या परिचर्या परिषदेकडे रीतसर नोंदणी झालेली. लग्नानंतर सासर जवळच्या बेडसे गावात. काही काळ तिने लोणावळ्यातल्या एका खासगी रुग्णालयात नोकरी केली होती. कामावर घेताना त्यांनी तिची मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेतली. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तब्येत बिघडल्याने तिला काम सोडावं लागलं, तेव्हा 'नोटिशीची मुदत पुरी करा, मग कागद न्या' असं उत्तर मिळालं. खेटे घालून घालून ती थकली आणि पवनेच्या बाजूला एका पॉलिहाउसमध्ये गुलाब तोडायच्या कामाला लागली. आता मुलं शाळेत जात होती आणि आरोग्य उपकेंद्रात कंत्राटी जागा निघाली होती. त्या जागेसाठी ऑनलाइन सूचीत नोंद हवी होती.

ही सूची काय असते, ते मलाही तिनेच समजावलं. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते अशा सगळ्यांची आता एक संगणकीय सूची आहे. प्रत्येक माणसाला एक क्रमांक, प्रत्येक दवाखान्याला एक क्रमांक, आणि कोण कुठे काम करतं हे त्या दोन क्रमांकांच्या जोडणीवरून कळतं. माहिती भरायची पद्धत सगळीकडे सारखी ठेवली आहे, म्हणून एका गावात भरलेली नोंद दुसऱ्या राज्यातल्या संगणकालाही तशीच वाचता येते. तिने ई-सेवा केंद्रात जाऊन आपला परिषदेचा क्रमांक टाकला, तर पडद्यावर प्रश्न आला: आपण सध्या अमुक रुग्णालयात कार्यरत आहात, हे बरोबर आहे का? हो किंवा नाही. ते तेच रुग्णालय होतं.

"केंद्रावरचा माणूस म्हणाला, हो दाबा ताई, लगेच काम होईल. मी नाही दाबलं. साहेब, मी तिथं नाही, मग तिथं माझ्या नावानं सुया कोण देतंय? उद्या कुणाचं बरंवाईट झालं, तर नातेवाईक कुणाच्या दारात येतील?"

खरं सांगायचं तर मला वाटलं, रुग्णालयाने जुनं नाव काढायचं राहिलं असेल. तरी तक्रार अर्ज घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि ती सूची चालवणाऱ्या कार्यालयाला पत्र पाठवलं. त्याच आठवड्यात आमच्या महिला हवालदार साध्या कपड्यांत, स्वतःच्या आईला रक्तदाब तपासायला म्हणून, त्या रुग्णालयात गेल्या. परत आल्या त्या गोंधळूनच.

"साहेब, नाव नुसतं कागदावर नाहीये. त्या नावाची सिस्टर वॉर्डात फिरतेय, बिल्ला लावून. आणि बाई चांगली आहे हो. आईला हात धरून जिना उतरवून दिला तिनं."

गुन्हा दाखल केला. दोन पंच घेऊन रुग्णालयाची झडती घेतली. व्यवस्थापकाच्या कपाटात तक्रारदार बाईची मूळ प्रमाणपत्रं सापडली, ती पंचनामा करून जप्त केली. व्यवस्थापक अत्यंत सभ्य माणूस होता. चहा मागवला, आवाज चढवला नाही. "साहेब, मी इथं नंतर रुजू झालो. कपाटातले जुने कागद मी पाहिलेलेही नाहीत. या बाई झेरॉक्स दाखवून कामाला लागल्या. म्हणजे फसवणूक आमचीच झाली आहे. तुम्ही त्यांच्यावर कारवाई करा, आमचं पूर्ण सहकार्य राहील."

बिल्ला लावणारी ती बाई भिंतीला टेकून उभी होती. तिने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

नोटीस दिल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवऱ्याला घेऊन हजर झाली. जवळच्याच औंढे गावची. नवरा पर्यटकांच्या एका पॉइंटवर मक्याची कणसं भाजून विकायचा. महिला हवालदारांसमोर चौकशी सुरू केली. प्रमाणपत्रं कुठून मिळाली, बिल्ला कुणी करून दिला, काहीही विचारलं तरी एकच वाक्य यायचं.

"समदं म्याच केलं, सायेब. दवाखान्यातल्या सायबांचा काय बी संबंध न्हाई."

हे वाक्य शब्दही न बदलता पुन्हा पुन्हा आलं, तेव्हा मी ओळखलं की ते तिचं नाही. एकट्याने गुन्हा केलेला माणूस काहीतरी कमी-जास्त करतो, स्वतःला थोडं वाचवतो, दुसऱ्यावर थोडं ढकलतो. शिकवून पाठवलेला माणूस पाठ म्हणतो. मी हवालदारांना बाजूला घेऊन सांगितलं, की कागदांचा विषय सोडा, तिला कामाचं विचारा. आणि मी खुर्ची मागे घेऊन खिडकीशी बसलो.

हवालदारांनी चहा दिला आणि आईची गोष्ट काढली. "त्या दिवशी माझ्या आईला तूच जिना उतरवलास. अशी सगळ्याच म्हाताऱ्यांना सांभाळतेस का?"

बाईने कप खाली ठेवला. मग जे बोलली ते आम्ही विचारलेलंच नव्हतं.

"एक आजी व्हत्या, पवनेच्या खोऱ्यातल्या. तापानं फणफणल्या व्हत्या. चिठ्ठीवर लिवलेली सुई म्या दिली. पर आदी इचारायचं असतंय ना, कशाचं वावडं हाय का? मला कुटं म्हाईत? मी तितं फरशी पुसायला लागल्याली मावशी. नोंदनीवाली सिस्टर दाखवाया पायजे व्हती, म्हनून सायबांनी मला त्यो बिल्ला लावला. आजींचा श्वास अडकला, ओठ निळं पडलं. डाक्टर जाग्यावर व्हते म्हनून वाचल्या. आन् घरची मान्सं माज्या पाया पडली, ताई. म्हनली, सिस्टरनी आजीला वाचिवलं."

ती ओंजळीत तोंड घालून रडली. हवालदारांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"दुसऱ्याच दिवशी सायबांना म्हनलं, मला पुन्यांदा मावशी करा, ह्ये नाव नगं. त्ये म्हनले, आता सरकारी नोंदीत तूच हाईस. भाईर पडलीस तर जेलात जाशील, पोरं उघड्यावर पडतील. मंग ऱ्हायले."

या आजींची कुठे तक्रार नव्हती, नोंद नव्हती. बाई गप्प राहिली असती तर आम्हाला जन्मात कळलं नसतं. स्वतःला सगळ्यात जास्त अडचणीत आणणारी गोष्ट तिने स्वतःहून सांगितली, आणि तिथून पुढे तिच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

पण पोलिसांपुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. त्याला आधार लागतो. तो त्या सूचीच्या कार्यालयाकडून आला. परिचारिकेची नोंद रुग्णालयाच्याच लॉगिनमधून भरली होती, आणि तिचा संपर्क क्रमांक म्हणून जो मोबाइल दिला होता तो व्यवस्थापकाचा स्वतःचा होता. खात्रीसाठीचा ओटीपी त्याच्याच फोनवर गेला होता आणि त्यानेच तो भरला होता. मी ती प्रत त्याच्यासमोर ठेवली.

"तिने तुम्हाला फसवलं म्हणता. मग तिच्या नोंदीत तुमचा नंबर कसा?"

त्याने आधी पाणी मागितलं. नंतर वकील मागितला.

तक्रारदार सिस्टरला पुरवणी जबाबासाठी बोलावलं, त्या वेळी दुसरी बाईही ठाण्यात होती. सिस्टरने तिला पाहायचंय म्हणून हट्ट धरला. मी हवालदारांना जवळ उभं करून परवानगी दिली.

"माझं नाव लावून फिरताना लाज नाही वाटली तुला?"

"वाटली, ताई. रोज वाटली."

सिस्टरचा चेहरा लाल झाला होता. तेवढ्यात हवालदारांनी आजींचा प्रकार सांगितला. ऐकता ऐकता तिचा राग दुसरीकडेच वळला.

"कुठली सुई होती ती? नाव सांग." बाईने औषधाचं नाव सांगितलं. "आणि आजींच्या घरी कुणी सांगितलं का, हे औषध त्यांना चालत नाही म्हणून?"

"न्हाई. सायबांनी बोलू नगं म्हनलं."

"अगं, म्हणजे उद्या दुसऱ्या दवाखान्यात कुणी तीच सुई दिली तर जातील ना त्या!" ती माझ्याकडे वळली. "साहेब, जबाब नंतर घ्या. आधी त्या आजींच्या घरी चला."

आमच्यापैकी कुणाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं. मी तोतयेगिरी आणि बनावट दस्तऐवज यांच्या पुढे गेलो नव्हतो. आजींना वाचवणाऱ्या डॉक्टरचा जबाब घ्यायला मी माणूस पाठवला आणि हवालदारांबरोबर त्या दोघींना जीपमधून रवाना केलं; आजींचं गाव त्या बाईला ठाऊक होतं. हवालदारांनी नंतर सांगितलं, आजी अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. त्या बाईला पाहताच "सिस्टर आल्या" म्हणून उठायला लागल्या. बाईने त्यांचे पाय धरले आणि सगळं खरं सांगितलं. आजींचा मुलगा भडकला, अंगावर आला. आजींनीच त्याला थांबवलं, म्हणाल्या, "आरं, सांगाया आली ना ती? गप ऱ्हा." सिस्टरने एका जाड कागदावर त्या औषधाचं नाव ठळक अक्षरात लिहून दिलं, मुलाकडून दोनदा वाचून घेतलं आणि कुठल्याही दवाखान्यात गेलं की आधी हे दाखवायचं, असं बजावलं.

पुढचं रीतसर झालं. त्या बाईचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवला गेला. न्यायालयाच्या परवानगीने ती माफीची साक्षीदार झाली. व्यवस्थापकावर दोषारोपपत्र गेलं. सिस्टरची नोंद दुरुस्त झाली आणि ती उपकेंद्रात रुजू झाली. दुसरीने दवाखान्याचं काम सोडलं, ती नवऱ्याच्या कणसांच्या गाडीवर बसू लागली. तिला मोकळं सोडायला नको होतं असं म्हणणारे सहकारी मला भेटले. त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकलो नाही, कारण आजी वाचल्या नसत्या तर मीही वेगळं लिहिलं असतं.

पोलीस खात्यात अशा गुन्ह्यांना आम्ही कागदी गुन्हे म्हणायचो. रक्त नाही, चोरी नाही, म्हणून तपास मागे पडायचा. या प्रकरणाने माझी ती सवय मोडली. सुई देणाऱ्याचं नाव खोटं असलं की चूक कुणाची हे तर कळत नाहीच, पण चूक झाली हेसुद्धा ज्याच्या जिवावर बेतली त्याला कळत नाही. संगणकाने ते नाव आणि ते रुग्णालय एका ओळीत आणून ठेवलं, एवढं त्याचं श्रेय आहे. पुढे 'हो' दाबून आपली नोकरी पदरात पाडून घेणं सोपं होतं. ते न करणारी एक बाई समोर होती, म्हणून तपास झाला.

खटला उभा राहिला तोवर मी निवृत्त झालो होतो. साक्षीसाठी गेलो, तर न्यायालयाबाहेरच्या बाकावर त्या दोघी शेजारी शेजारी बसलेल्या, एकाच डब्यातलं थालीपीठ खात. थोड्या वेळाने शिपायाने दारातून नाव पुकारलं. औंढ्याच्या बाईचं, तिचं स्वतःचं. ती दाराकडे बघत होती, पण उठली नाही. त्याने पुन्हा पुकारलं. तरी ती बसूनच. दवाखान्यातली माणसंही साक्षीला आली होती, आणि त्यांच्यात सिस्टरच्या नावाने वावरलेल्या तिची स्वतःच्या नावाला ओ द्यायची सवयच मोडली होती.

सिस्टरने तिला कोपराने ढोसलं.

"अगं, तुला बोलावतायत. ऊठ."

ती दचकली, तोंड पुसलं, पदर खांद्यावर घेतला आणि दाराशी जाऊन शिपायाला मोठ्याने म्हणाली, "म्याच हाय ती."