तिकीट खिडकीत न बसलेली ड्रायव्हर

आमच्या डेपोत तिला सगळे हँडब्रेक म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. एकदा अरुंद पुलावर समोरून एक मोठी मोटार घुसली. पूल आधी आमच्या बसने धरला होता. मोटारवाला हॉर्नवर हात ठेवून बसला, मग खाली उतरून हातवारे करायला लागला. तिने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि शांतपणे आरशाची काच पुसत बसली. सतरा मिनिटांनी मोटार मागे गेली. त्या बसवर कंडक्टर मीच होतो, म्हणून मिनिटं माझ्या लक्षात आहेत. मी तिला ताई म्हणतो. वयाने ती माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी, पण तिला नुसत्या नावाने हाक मारायची हिंमत आमच्यात कुणालाच नाही.

ती एक्कावन्न वर्षांची असताना वार्षिक तपासणीत तिच्या रक्तातली साखर फार वाढलेली निघाली. गोळ्या चालू होत्या, तरीही. मॅनेजरसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल," ते म्हणाले. "तेव्हाही असंच निघालं तर गाडी बंद. तिकीट खिडकीवर जागा आहे. बसून काम, डोक्यावर पंखा." आणि वर मायेने म्हणाले, "खरं सांगू का, या वयात जिभेच्या सवयी सुटत नसतात. आत्तापासूनच खिडकीचं काम शिकून घ्या."

हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

ताई बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "जीभ माझी," ती मला म्हणाली, "आणि तिची हमी हा माणूस देणार?"

सुरुवातीला तिने सगळं चुकीचंच केलं. पाव बंद, भात बंद, बटाटा बंद, साखर बंद, आणि त्यांच्या जागी काहीच नाही. सकाळी गोळी घ्यायची आणि दोन काकड्या खाऊन गाडीवर बसायचं. दहाव्या दिवशी बाजाराच्या थांब्यावर तिने बस कडेला घेतली आणि मला हाक मारली. तिचे हात थरथरत होते, कपाळावर घाम होता.

"सगळ्यांना उतरव. मागची बस दहा मिनिटांत येईल. मी आता चालवणार नाही."

मी समोरच्या दुकानातून गोड सरबत आणलं. तिने ग्लासाकडे असं पाहिलं, जणू तो मॅनेजरचा माणूस होता.

"ताई, आत्ता वाद नको. प्या."

ती प्यायली. दुपारी मीच तिला दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. "गोळ्यांचं माप तुमच्या जुन्या जेवणावर ठरवलेलं होतं. तुम्ही जेवण बदललंत आणि मला कळवलंही नाहीत. वर बस चालवताय! आधी गोळी कमी करू, मग जेवणाचं ठरवू. आणि उपास करायला कुणी सांगितलं? साखर आणि पिठाचं कमी करायचं, पोटाचं नाही."

आठ दिवस गाडी बंद राहिली. डेपोत लोक म्हणाले, लागला एकदाचा हँडब्रेक. मॅनेजरसाहेबांनी खिडकीच्या कामाची पुस्तिका माझ्याच हाती तिच्या घरी पाठवली. तिने ती पुस्तिका डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली आणि टेबल हलतंय का ते दाबून पाहिलं. मग त्याच टेबलाशी बसून तिने ठरवायला घेतलं.

तिचं म्हणणं साधं होतं: भूक लागल्यावर माणूस विचार करत नाही, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा. उद्याचा डबा आज संध्याकाळीच भरायचा. चार उकडलेली अंडी, परतलेली भाजी, चीजचा तुकडा, मूठभर शेंगदाणे. डबा उघडल्याशिवाय कँटीनची पायरी चढायची नाही. चहा बिनसाखरेचा. पहिल्या आठवड्यात तो पिताना तिचा चेहरा बघवत नव्हता. दुसऱ्या महिन्यात मी चुकून माझा कप तिला दिला, तर म्हणाली, "हा चहा आहे की पाक?"

डब्यापेक्षा कठीण होत्या सासूबाई. अठ्ठ्याहत्तरीची बाई, आणि घरातला भात अजून तिच्याच हातचा.

"सव्वीस वर्षं माझ्या हातचं खाल्लंस," त्या म्हणाल्या, "आणि आता ते विष झालं?"

"विष नाही झालं, आई. मला झेपत नाही."

"एक घास घे."

"एका घासाचं ताट होतं. वाढणाऱ्या तुम्हीच असता."

सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्लॉवर भाताच्या शितांएवढा बारीक चिरून शिजवला आणि ताट तिच्यापुढे आदळलं. "घे. तुझ्या हट्टाचा भात." तेव्हापासून म्हातारी सुनेपेक्षा कडक झाली. स्वतःच्या मुलाची बिस्किटं तिने कपाटावर अशी ठेवली की बिचाऱ्याला स्टूल आणावं लागायचं. तो म्हणायचा, साखर बायकोची वाढली आणि शिक्षा मला.

नणंदेच्या मुलीच्या वाढदिवसाला ताई घरूनच पोटभर जेवून गेली. नणंद केकची बशी घेऊन मागे लागली.

"एका तुकड्याने काय मरणार आहेस?"

"नाही मरणार. पण खाणारही नाही."

"म्हणजे आम्ही आनंद करायचा की तुझं पथ्य सांभाळायचं?"

"तुम्ही आनंद करा. पथ्य माझं मी सांभाळते."

दुसऱ्या दिवशी हे सांगताना ती म्हणाली, "कारण सांगत बसलं की समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. नको म्हणायचं, हसायचं आणि बशी खाली ठेवायची."

ती काही संत नव्हती. चौथ्या महिन्यात एकदा लागोपाठ दोन ड्युट्या झाल्या आणि विश्रांतीच्या खोलीत मी तिला बिस्किटांचा अख्खा पुडा संपवताना पाहिलं. मला वाटलं, आता रडेल किंवा सगळं सोडून देईल. तिने मांडीवरचा चुरा झटकला.

"झालं ते झालं. पुढचं जेवण नेहमीसारखं. शिक्षा म्हणून उपाशी राहिले तर उद्या दोन पुडे खाईन."

सहा महिन्यांनी तपासणी झाली. साखर खाली आली होती. अगदी पुस्तकातल्यासारखी नाही, पण डॉक्टरीणबाईंना हवी होती तितकी. गाडी चालवायला योग्य, असा सहीशिक्क्याचा कागद घेऊन ती केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं. मी बाहेर तिकिटांचं यंत्र हातात घेऊन उभा होतो.

मॅनेजरसाहेबांनी कागद वाचला आणि जरा ओशाळून म्हणाले, "अहो, तुमच्या बदलीचा आदेश तर टाइप होऊन आलाय. सोमवारपासून खिडकी. पुढच्या वर्षी बघू."

"नियम दाखवा," ताई म्हणाली.

"कसला नियम?"

"डॉक्टर म्हणतात चालव, आणि मॅनेजर म्हणतात खिडकीत बस. तेव्हा मॅनेजरचं ऐकायचं असं कुठे लिहिलंय, तो."

"तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मी सहा महिने डब्यात भरून आणतेय, साहेब. माझी गाडी नऊ वीसला आहे. बेचाळीस माणसं बसलीत. उशीर झाला तर कारणाच्या रकान्यात तुमचं नाव लिहीन."

ती बसली नाही, आवाजही चढवला नाही. टेबलाशी उभी राहिली, बस्स. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, शेवटी लाल पेन काढून आदेशावर आडवी रेघ मारली.

"खाली सही," ती म्हणाली.

सही झाली. आम्ही नऊ एकवीसला निघालो. पहिला तिठा मागे पडला. मग डाव्या हाताच्या पाठीने तिने डोळे पुसले आणि मला ओरडली, "बघतोस काय? तिकिटं फाड!"

ती आज चोपन्न वर्षांची आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासते. अर्धी गोळी अजून चालू आहे, आणि आजार गेला असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, तीही म्हणत नाही. कँटीनवाल्याशी महिनाभर भांडून तिने अंडी आणि हिरव्या भाजीची थाळी सुरू करायला लावली. पहिल्या दिवशी ती घेणारे आम्ही दोघंच होतो. आता बारानंतर गेलात तर ती संपलेली असते, आणि त्यावरूनही ती कँटीनवाल्याशी भांडते.