पाच चौकोनांचं स्वागत

माझ्या मुलीच्या लग्नादिवशी मी उंब्रजजवळ हायवेला, पाच रिकाम्या चौकोनांखाली, हातात हार घेऊन पाऊण तास उभा होतो.

त्याचं असं झालं. सायलीच्या पुण्याच्या कंपनीतले कोरियन साहेब लग्नाला येणार होते. मंगल कार्यालय नवं, मॅपवर सापडेना. म्हणून ठरलं, वळणावर कोरियनमध्ये स्वागताचा फ्लेक्स लावायचा. तो दिसला की साहेबांनी गाडी वळवायची. सायलीनं दत्तू फ्लेक्सवाल्याला कोरियन आणि इंग्रजी मजकूर मेल केला. इंग्रजी मी काढायला लावलं! (साहेबांना घरच्यासारखं वाटावं म्हणून.)

दत्तूनं मजकूर उघडला. पडद्यावर पाच चौकोन!

"आवं आबा, पाचीच्या पाची अक्षरं सारखीच हायत की!"

"कोरियन चौकोनीच असतं रं," मी ठणकावलं. (मी ते पाहिलं होतं. लांबून.)

"पर आत कायबी न्हाई..."

"साहेब मोठा हाय. मानाचं म्हणून मोकळं सोडलं असंल. छाप तू!"

दत्तूनं दहा फुटी छापलं.

लग्नादिवशी मंगलाष्टकं तोंडावर आली, तरी साहेबांचा पत्ता नाही. तेवढ्यात सायलीचा फोन. "आबा, साहेब वळण सोडून पार पुढं पेठ नाक्याला पोचलेत! तो फ्लेक्स त्यांना खिडक्यांची जाहिरात वाटला!"

गाडी उलटी फिरली. साहेब घामाघूम होऊन पोचले, ते शेवटच्या अक्षतेला!

पंगतीत सायलीनं माझी शिकवणी घेतली. "आबा, कोरियनमध्ये दोन-तीन अक्षरं एका चौकोनात जोडून बसवतात, आपल्या जोडाक्षरासारखी. कॉम्प्युटरमध्ये अशा प्रत्येक जोडणीला वेगळा नंबर असतो. अकरा हजारांवर आहेत! दत्तूच्या फाँटमध्ये त्या नंबरांची अक्षरंच नव्हती. मग कॉम्प्युटर रिकामा चौकोन दाखवतो."

"अकरा हजारातलं एक बी तुमास्नी गावलं न्हाई?" आमच्या मंडळींनी जिलबी वाढता वाढता विचारलं.

पण साहेब दिलदार! त्यांनी हसत हसत एक लाकडी पाटी माझ्या हातात दिली. खास कोरियातून कोरून आणलेली. वर तुटक रेघा, मोकळ्या वेलांट्या, पाय मोडलेली अक्षरं. चारचौघांत आपलं अज्ञान दिसू नये म्हणून मी पाटी उंच धरली आणि मोठ्यानं म्हणालो, "वा! कोरियन लिपी लय देखणी हो!"

सायलीनं कपाळाला हात लावला.

"आबा, ते मराठी आहे. तिकडच्या कॉम्प्युटरला आपली जोडाक्षरं जोडता आली नाहीत, एवढंच. 'श्रीकृष्ण'. तुमचं नाव!"