घरगुती कारणास्तव

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, आजी आज एवढी चिडलेली का. मी विषय बदलला, कारण हे तोंडी नीट सांगता आलं नसतं.

लालबागला राहणारी एक बाई माझ्याकडे येते. गिरगावच्या चाळीत तिचे आईवडील आमचे शेजारी होते, म्हणून ती मला काकू म्हणते. माणसं मालवणकडची, वडील गिरणीत. ती स्वतः परळच्या एका गाळ्यात सव्वीस वर्षं छत्र्या शिवत होती. कापडाच्या आठ पाकळ्या जोडायच्या आणि ते कापड काड्यांना टाचायचं, हे तिचं काम. मग परदेशातून तयार छत्र्या येऊ लागल्या, आणि त्या इथल्या नुसत्या कापडापेक्षाही स्वस्त पडायच्या. एक दिवस मालकाने तिथल्या तीसही बायकांना सांगितलं, शिवणकाम बंद, प्रत्येकीने राजीनाम्याची चिठ्ठी द्या, म्हणजे अनुभवाचा दाखला देतो.

ती चिठ्ठी लिहून घ्यायला माझ्याकडे आली. "काकू, झकास इंग्लिशमध्ये लिहा हां. मालकाक कळाक व्हया, आमच्यात पण कोण शिकलेला आसा."

मी आयुष्यभर कचेरीत मसुदे लिहिले. नोकरी सोडताना खरं कारण लिहायचं नाही, ही आमची रीत होती. साहेबाशी वाजलेलं असो नाहीतर बदली नको असो, पत्रात एकच कारण यायचं, घरगुती. ते सभ्य दिसतं आणि पुढच्या नोकरीच्या आड येत नाही. मी तिच्यासाठीही तेच लिहिलं आणि शेवटी मालकाचे आभार मानले. खोटं कशाला बोलू, मला ते पत्र आवडलं होतं. तिने नावाची जागा कोरी ठेवून त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि बाकीच्या बायकांना वाटल्या.

काही महिन्यांनी सरकारी योजना निघाली. बाहेरच्या मालामुळे ज्यांचा कारखाना बंद पडला, त्यांना सहा महिने भत्ता, पिशव्या शिवायचं प्रशिक्षण आणि शेवटी स्वतःचं मशीन. तिला त्या मशीनचाच ध्यास लागला. खिडकीपाशी जागा मोजून झाली, जुनं कपाट कुठे हलवायचं तेही ठरलं. वयाची अट पंचावन्नची आणि तिला चौपन्न पूर्ण, म्हणजे पुन्हा संधी नाही.

आम्ही दोघी अर्ज घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने मालकाकडून मागवलेली फाइल उघडली, तर आत माझं पत्र, एकाखाली एक, तीस वेळा.

"काय हो आजी, तीस बायकांना एकाच दिवशी घरगुती अडचण?"

"पत्र मी लिहिलंय," मी म्हटलं.

"छान लिहिलंय. पण ही योजना काम गेलेल्यांसाठी आहे. ह्या तर आपणहून सोडून गेल्यात."

ती पुढे सरकली. "साहेब, घरात अडचण हीच की काम गेलं."

तो हसला, पण फाइल मिटली. मी म्हटलं, मजकूर माझा होता असं मी लेखी देते. तो म्हणाला, "तुम्ही तिथे कामाला होतात? नाही ना? मग तुमचं म्हणणं कुठल्या रकान्यात घेऊ?" त्याला सगळं कळत होतं. मला तेच जास्त लागलं.

मग कारखाना बंद झाल्याचा दाखला आणायचं ठरलं. त्यासाठी दुसऱ्या कार्यालयात चार खेपा घातल्या. तिथलं रजिस्टर सांगत होतं, कारखाना चालू आहे. पाटी तीच, परवाना तोच. आता आत परदेशी छत्र्यांचे खोके रचलेले आहेत, हे बघायला कोणी येणार नाही.

शेवटी तीस जणींचा एकत्र अर्ज द्यायचं ठरलं, ह्या वेळी मराठीत. मी 'विनम्र निवेदन' असं लिहायला घेतलं, तर तिने माझा हात धरला. "काकू, विनम्र मागाहून. आधी लिहा, मालकाने सांगितलं म्हणून चिठ्ठी दिली." तसंच लिहिलं. सगळ्यांच्या सह्या झाल्या, पहिलं नाव तिचं. शेवटची तारीख शुक्रवारची होती.

बुधवारी ती आली आणि दारातच उभी राहिली. मालकाने निरोप पाठवला होता. खोक्यातली प्रत्येक छत्री उघडून बघायला त्याला माणूस हवं होतं. उद्यापासून ती जाणार होती.

"तिथे हजेरी लागली की तुझं नाव योजनेतून बाद होईल."

"माहीत आहे."

"थोडे दिवस थांब गं."

"तुम्ही कधीपासून हेच सांगताय काकू."

मला राग आला. मी म्हटलं, "ज्याने काढलं त्याच्याच दारात परत?"

"मग कोणाच्या दारात जाऊ? तुमच्या?" ती म्हणाली. चपला तिने काढल्याच नव्हत्या. जिना उतरता उतरता म्हणाली, "बाकीच्यांचा अर्ज द्या मात्र. त्यांचं कशाला अडवता."

खाडाखोड केलेला अर्ज तिथे घेत नाहीत. तिचं नाव राहिलं तर सगळ्यांचाच अर्ज अडणार, आणि ते काढायचं म्हणजे सगळे क्रमांक बदलणार. मी दोन्ही पानं नव्याने लिहून काढली. गुरुवार त्यातच गेला. शुक्रवारी सकाळी आठला, एकोणतीस बायकांच्या पुन्हा सह्या घ्यायला, मी लालबागपासून सुरुवात केली. कोणी धुण्याभांड्याच्या कामावर गेलेली, कोणी गावी. अकरा जणी भेटल्या नाहीत. कार्यालय बंद व्हायच्या आत मी अठरा सह्यांचा अर्ज दिला.